ब्रिजवरचे पॅकेट कोठे दिसते आणि कोठे दिसत नाही : लिनक्सवर कॅप्चर घेण्याची पद्धत

बेळगावच्या उद्यमबागेतील ज्या लहान कारखान्यांचे नेटवर्क मी सांभाळतो, त्यांपैकी बहुतेकांची मांडणी एकाच धर्तीची आहे. कार्यालयाच्या कोपऱ्यात एक लिनक्स सर्व्हर असतो, त्याला एकच इथरनेट कार्ड असते आणि त्यावर केव्हीएम या लिनक्सच्या सोयीने दोन-तीन व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालतात. एकीत हिशेबाचे सॉफ्टवेअर, दुसरीत सीएनसी यंत्रांना लागणाऱ्या फायली. कार्ड आणि व्हीएम यांना जोडण्याचे काम कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ब्रिज, म्हणजे सॉफ्टवेअरमधला स्विच, करतो. सगळे सुरळीत असते तोवर या ब्रिजची आठवणही होत नाही. मात्र एखादी व्हीएम अचानक नेटवर्कवरून नाहीशी झाली, की जाणारी-येणारी पॅकेटे टिपणारा, म्हणजे कॅप्चर घेणारा, टीसीपीडम्प लावावा लागतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की कॅप्चर नेमके कोणत्या इंटरफेसवर घ्यायचे : कार्डावर, ब्रिजवर, की व्हीएमच्या टॅपवर, म्हणजे तिला ब्रिजशी जोडणाऱ्या आभासी इंटरफेसवर?

या तिन्ही ठिकाणी दिसणारे चित्र वेगवेगळे असते. पुण्याकडून येणाऱ्या महामार्गावर कोगनोळीच्या नाक्याशी उभ्या राहिलेल्या माणसाला येणारी प्रत्येक गाडी दिसते, पण त्यांतली कोणती निपाणीत वळली आणि कोणती सरळ बेळगावला गेली, हे त्याला तेथून सांगता येत नाही. कॅप्चरचेही तसेच आहे. पॅकेट एका ठिकाणी दिसले म्हणजे ते पलीकडे पोहोचले असे होत नाही आणि दिसले नाही म्हणजे ते आलेच नव्हते असेही होत नाही. म्हणून आधी कर्नलमधली वाट समजून घ्यावी. आज्ञा त्यानंतर पाहू.

पॅकेटची वाट

बाहेरून आलेली फ्रेम (इथरनेटच्या वेष्टनातले पॅकेट) कार्डाच्या ड्रायव्हरने कर्नलच्या हाती दिली, की जवळजवळ सर्वांत आधी तिची एक प्रत कॅप्चर करणाऱ्या सॉकेटला मिळते. ट्रॅफिक कंट्रोल या कर्नलमधल्या वाहतूक-नियंत्रणाचे आवक नियम त्यानंतर लागतात, आणि त्याच्याही नंतर ते कार्ड ब्रिजचे सदस्य आहे हे लक्षात घेऊन फ्रेम ब्रिजच्या ताब्यात जाते. याचा अर्थ असा, की सदस्य कार्डावर घेतलेल्या कॅप्चरमध्ये ब्रिजने पुढे पाठवलेली, ब्रिजने टाकून दिलेली आणि फायरवॉलने नंतर अडवलेली अशी सगळी आवक दिसते. येथे दिसलेल्या पॅकेटवरून एवढेच सिद्ध होते, की तार, स्विच आणि कार्ड यांनी आपले काम केले आहे.

जाणाऱ्या बाजूला क्रम नेमका उलटा आहे. फ्रेम रांगेतून बाहेर पडून ड्रायव्हरच्या हाती जाण्याच्या जरा आधी तिची प्रत घेतली जाते, म्हणजे फायरवॉल, ब्रिजचे निर्णय आणि रांगेची व्यवस्था हे सगळे तोवर पार पडलेले असते. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या बाजूला जे दिसते ते खरोखरच निघालेले असते. आवक कच्ची दिसते आणि जावक गाळून दिसते, एवढी एक गोष्ट पक्की केली तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

सर्वांत जास्त फसगत मधल्या ठिकाणी, म्हणजे खुद्द ब्रिजच्या इंटरफेसवर होते. त्याचे नाव येथे बीआर० असे धरू, कार्डाचे ईएनपी३एस० आणि हिशेबाच्या व्हीएमच्या टॅपचे व्हीनेट०. बीआर० म्हणजे सगळी वाहतूक ज्यातून जाते तो पाइप, अशी समजूत सर्रास आढळते, पण ती बरोबर नाही. बीआर० हे त्या ब्रिजला जोडलेले यजमान सर्व्हरचे (ज्यावर व्हीएम चालतात त्याचे) स्वतःचे तोंड आहे. कार्डावरून व्हीएमकडे जाणारी फ्रेम एका सदस्यावरून थेट दुसऱ्या सदस्यावर जाते. बीआर० तिच्या वाटेत येतच नाही. त्याच्याकडे स्वाभाविकपणे येतात त्या यजमानाच्या मॅक पत्त्यावर (इंटरफेसच्या हार्डवेअर पत्त्यावर) आलेल्या फ्रेम, ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीच्या) आणि मल्टिकास्ट (गटासाठीच्या).

असे असूनही बीआर० वर टीसीपीडम्प लावला की व्हीएमची वाहतूक दिसू लागते, हे कसे? टीसीपीडम्प इंटरफेसला प्रॉमिस्क्युअस अवस्थेत, म्हणजे आपल्या पत्त्याची नसलेली फ्रेमही स्वीकारण्याच्या अवस्थेत, टाकतो, आणि बीआर० त्या अवस्थेत असेल तर ब्रिज प्रत्येक पुढे पाठवायच्या फ्रेमची एक जादा प्रत यजमानाकडेही वर पाठवतो. कर्नलच्या स्रोतसंहितेत तर ब्रिजवरच्या व्हीलॅनच्या (एकाच तारेवरील वेगवेगळ्या आभासी नेटवर्कच्या) परवानगीची तपासणीसुद्धा याच कारणाने, कोणी कॅप्चर घेत असेल म्हणून, या अवस्थेत वगळलेली आहे. म्हणजे बीआर० वर दिसते ती मूळ फ्रेम नसून कॅप्चरसाठी काढलेली प्रत असते. टीसीपीडम्पला लहान 'पी' हा पर्याय दिला तर तो प्रॉमिस्क्युअस अवस्था मागत नाही, आणि तेच कॅप्चर एकदम ओसाड दिसू लागते. दोन माणसे एकाच सर्व्हरवर, एकाच इंटरफेसवर, दोन वेगळी उत्तरे घेऊन वाद घालत बसतात, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आधी नकाशा काढावा

कॅप्चरला हात लावण्यापूर्वी पाच मिनिटे घालवून कोण कोणाला जोडलेले आहे ते कागदावर उतरवावे. आज्ञा व पर्यायांची नावे या लेखात उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत टाइप करावी लागतील, हे सांगायला नकोच. 'ब्रिज लिंक' या आज्ञेने कोणते इंटरफेस कोणत्या ब्रिजचे सदस्य आहेत आणि त्यांची अवस्था काय आहे ते कळते. 'ब्रिज एफडीबी शो' या आज्ञेने कोणता मॅक पत्ता कोणत्या सदस्यामागे शिकलेला आहे ते कळते. व्हीएम लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या साधनाने बनवलेली असेल तर तिच्या आतल्या कार्डाचा मॅक पत्ता साधारणतः ५२:५४:०० ने सुरू होतो आणि यजमानाकडच्या टॅपचा पत्ता, बाकीचे आकडे तेच ठेवून, 'एफई' ने. हा फरक ठाऊक नसला तर तक्त्यात दोन जवळजवळ सारखे पत्ते पाहून माणूस उगाच बुचकळ्यात पडतो. शिकलेली नोंद वाहतूक नसेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ३०० सेकंदांनी शिळी होते, म्हणून नोंद नाही यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. आधी व्हीएमकडून एखादे पिंग पाठवून पाहावे.

आयपी पत्ता कोठे आहे तेही याच वेळी तपासावे. कार्ड ब्रिजचे सदस्य झाल्यानंतर यजमानाचा पत्ता बीआर० वर असायला हवा. तो कार्डावरच राहून गेला असेल तर यजमानाचा संपर्क अर्धवट चालतो, अर्धवट तुटतो, आणि कॅप्चरमध्ये विनंती आलेली दिसूनही उत्तर गेलेले दिसत नाही.

कार्ड प्रॉमिस्क्युअस आहे की नाही हे साध्या 'आयपी लिंक' च्या झेंड्यांत (फ्लॅगमध्ये) शोधू नये. ब्रिजने किंवा टीसीपीडम्पने ती अवस्था लावली असेल तर तेथे काहीच दिसत नाही. 'आयपी' ला 'डी' हा तपशिलाचा पर्याय दिला की 'प्रॉमिस्क्युइटी' या शब्दापुढे एक आकडा येतो. तो शून्याहून मोठा असला की अवस्था लागू आहे.

परवानगीची गोष्टही येथेच उरकून घेतो. कॅप्चरला रूट किंवा तत्सम अधिकार लागतात हा तांत्रिक भाग झाला. नेटवर्क ज्याच्या मालकीचे आहे त्याची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय त्यावरील माहिती उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ च्या कक्षेत येऊ शकते. मी मालकाकडून दोन ओळींचा ईमेल मागवतो आणि मगच काम सुरू करतो.

तीन ठिकाणी एकाच वेळी

माझी पद्धत सोपी आहे. तीन टर्मिनल उघडावेत आणि प्रत्येकात टीसीपीडम्प चालवावा : पहिल्यात ईएनपी३एस० वर, दुसऱ्यात बीआर० वर, तिसऱ्यात व्हीनेट० वर. तिन्हींना 'एन' द्यावा, म्हणजे पत्त्यांची नावे शोधण्यात वेळ जात नाही आणि त्या शोधाची पॅकेटे कॅप्चरमध्ये शिरत नाहीत. 'ई' द्यावा, म्हणजे मॅक पत्ते दिसतात. आणि गाळणी म्हणून 'होस्ट' या शब्दापुढे व्हीएमचा आयपी पत्ता द्यावा. येथे फक्त 'आयसीएमपी' (पिंगचा प्रोटोकॉल) अशी गाळणी लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. 'होस्ट' मध्ये आयपीसोबत एआरपीही (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याची रीत) येते, आणि एआरपी हाच पुष्कळदा निकाल लावणारा पुरावा असतो.

आता कार्यालयातल्या एखाद्या विंडोज संगणकावरून व्हीएमला पिंग करावे, पण नेहमीच्या आकाराचे नव्हे. 'एल' या पर्यायाने ३३३ बाइटचे पिंग पाठवले, की टीसीपीडम्पच्या ओळीच्या शेवटी लांबी ३४१ अशी येते, कारण त्यात आयसीएमपीच्या शीर्षाचे ८ बाइट मिळतात. दिवसभर कोणी ना कोणी पिंग करतच असते. त्या गर्दीत ३४१ हा आकडा आपला म्हणून लगेच ओळखता येतो. तिन्ही टर्मिनलांचे घड्याळ एकच असल्याने वेळा आणि क्रमांक ताडून एकच पॅकेट तिन्हीकडे शोधणे अवघड जात नाही.

दिशेबाबत एक सावधगिरी हवी. 'मोठा क्यू' या पर्यायाने फक्त आवक किंवा फक्त जावक पाहता येते, पण ती दिशा यजमानाच्या नजरेतून असते. व्हीनेट० वर 'आत' म्हणजे व्हीएमने पाठवलेले, आणि 'बाहेर' म्हणजे व्हीएमकडे जाणारे. पहिल्या काही वेळा हे हमखास उलटे वाचले जाते.

तीन टर्मिनलांऐवजी 'एनी' हा सर्व इंटरफेसांचा एकत्रित पर्याय वापरता येतो, आणि ४.९९ पासूनच्या टीसीपीडम्पमध्ये प्रत्येक ओळीवर इंटरफेसचे नाव व दिशा छापली जात असल्याने तो पूर्वीपेक्षा बराच उपयोगी झाला आहे. मात्र 'एनी' कोणत्याही इंटरफेसला प्रॉमिस्क्युअस करत नाही. कार्ड ब्रिजमुळे आधीच त्या अवस्थेत असते म्हणून तेथे आणि टॅपवर व्हीएमची वाहतूक दिसते. बीआर० ची ओळ मात्र गायब असते. तेच पॅकेट दोनदा दिसले म्हणून दोनदा पाठवले गेले असे समजू नये आणि बीआर० वर दिसले नाही म्हणून ब्रिज बिघडला असेही समजू नये.

एआरपी जाते, पिंग जात नाही

गेल्या पावसाळ्यातला प्रसंग आहे. एका ओतशाळेच्या कार्यालयात हिशेबाची व्हीएम सकाळपासून कोणालाच दिसत नव्हती. मी बीआर० वर कॅप्चर लावले. पिंगच्या विनंत्या तेथे व्यवस्थित दिसत होत्या, उत्तर एकही नव्हते. पॅकेट ब्रिजपर्यंत पोहोचते आहे आणि व्हीएम गप्प आहे, एवढे पाहून मी व्हीएमच्या आतली फायरवॉल उलटीपालटी करण्यात दुपारचे जेवण चुकवले. चूक सर्वस्वी माझी होती : बीआर० वरच्या प्रतीला मी पुढे गेलेले पॅकेट मानले होते.

संध्याकाळी व्हीनेट० वर टीसीपीडम्प लावला तेव्हा तेथे एवढेच दिसले : 'हू-हॅज १९२.१६८.१०.२० टेल १९२.१६८.१०.३५', आणि त्याखाली व्हीएमने आपला ५२:५४:०० वाला पत्ता सांगणारे उत्तर. एआरपीची विचारणा येते आहे, तिचे उत्तर जाते आहे, पण ३४१ लांबीचे एकही पिंग या टॅपवर उतरत नाही. म्हणजे व्हीएम जिवंत आहे, ब्रिजला तिचा पत्ता ठाऊक आहे, आणि तरीही कार्ड ते टॅप या दोन वितींच्या अंतरात केवळ आयपीची पॅकेटे मारली जात आहेत.

असे लक्षण दिसले की पहिला संशय बीआर-नेटफिल्टर या मॉड्यूलवर घ्यावा. हे मॉड्यूल लोड असेल आणि 'ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स' ही सेटिंग १ असेल, तर ब्रिजवरून जाणारी आयपी पॅकेटेसुद्धा आयपीटेबल्स या फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीतून (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांतून) जातात, जणू काही यजमान त्यांचे राउटिंगच करत आहे. एआरपीचा या साखळीशी संबंध नसल्याने ती सुखरूप पार होते. त्या सर्व्हरवर आदल्या दिवशी कोणीतरी कंटेनर (एकाच कर्नलवर वेगळे ठेवलेले प्रोग्राम) चालवणारे सॉफ्टवेअर बसवले होते, त्याने मॉड्यूल लोड करून फॉरवर्ड साखळीचे मूळ धोरण 'ड्रॉप' असे केले होते, आणि कंटेनरशी काडीचाही संबंध नसलेली व्हीएम त्यात सापडली होती. आयपीटेबल्सला 'एल' 'व्ही' 'एन' हे पर्याय देऊन फॉरवर्ड साखळीच्या धोरणासमोरचा गणक पाहिला, तर प्रत्येक पिंगसोबत तो एकाने वाढत होता.

उपाय दोन आहेत. ती सेटिंग ० करणे हा एक, पण तो मला फारसा पसंत नाही, कारण कंटेनरांच्या आपसातल्या नियमांना तिची गरज असू शकते. शिवाय बूटच्या वेळी सिस्टिमच्या सेटिंग मॉड्यूल लोड होण्याआधीच लावल्या गेल्या, तर ही सेटिंग अस्तित्वातच नसते आणि आपला बदल मुकाट्याने वाया जातो. पुढच्या वेळी वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तोच बिघाड परत हजर. दुसरा उपाय म्हणजे फॉरवर्ड साखळीच्या डोक्यावर एक नियम ठेवणे, की बीआर० मधून आत येऊन बीआर० मधूनच बाहेर जाणारे पॅकेट स्वीकारावे. मी हा दुसरा उपाय करतो आणि तो कायम राहील अशा रीतीने जतन करतो.

इतर जोड्या कशा वाचाव्यात

कार्डावर पॅकेट दिसते, बीआर० वर प्रॉमिस्क्युअस असूनही दिसत नाही आणि टॅपवरही नाही, असे चित्र असेल तर फ्रेम ब्रिजच्या उंबरठ्यावरच पडली आहे. तेथे दोन गोष्टी पाहाव्यात. एक, सदस्याची स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वर्तुळ होऊ न देणारी व्यवस्था) अवस्था : 'ब्रिज लिंक' मध्ये 'फॉरवर्डिंग' च्या जागी 'ब्लॉकिंग', 'लिसनिंग' किंवा 'लर्निंग' असेल तर फ्रेम पुढे जाणार नाही. स्पॅनिंग ट्री चालू असताना मूळ सेटिंगप्रमाणे लिसनिंग आणि लर्निंगमध्ये प्रत्येकी १५ सेकंद जातात, त्यामुळे नवी व्हीएम सुरू केल्यावर पहिला अर्धा मिनिट ती मुकी असते. दोन, ब्रिजवर व्हीलॅनची गाळणी चालू असेल तर त्या सदस्याला त्या व्हीलॅनची परवानगी आहे का, हे 'ब्रिज व्हीलॅन शो' ने तपासावे.

टॅपवर विनंती उतरते पण व्हीएमकडून काहीच परत येत नाही, असे असेल तर यजमानाकडे शोधण्यासारखे फारसे उरत नाही. मग खुशाल व्हीएमच्या आत जावे. उत्तर टॅपवर दिसते पण कार्डावरून बाहेर पडत नाही, तेव्हा पुन्हा फायरवॉल. एनएफटेबल्स ही नवी फायरवॉल वापरात असेल तर ब्रिज कुळातील साखळीत त्या पॅकेटवर 'एनएफट्रेस' ची खूण लावून 'एनएफटी मॉनिटर ट्रेस' चालवावे. कोणत्या नियमाने त्याला अडवले ते थेट छापून येते.

यजमानाने स्वतःच्याच पत्त्याला केलेले पिंग बीआर० वर शोधू नये. ते 'लो' या लूपबॅकवर असते.

व्हीलॅनची खूण असलेल्या फ्रेमबद्दल थोडे. जतन केलेली फाइल वाचताना नुसती 'होस्ट' गाळणी खूण असलेल्या फ्रेम सोडून देते, म्हणून 'होस्ट अमुक किंवा (व्हीलॅन आणि होस्ट अमुक)' अशी रचना करावी. क्रम महत्त्वाचा आहे : 'व्हीलॅन' हा शब्द आला की त्यापुढची सगळी गाळणी चार बाइट पुढे सरकलेली धरली जाते, त्यामुळे तो आधी लिहिला तर उरलेली अर्धी गाळणी चुकीच्या जागी पाहते.

व्हीएमकडून निघालेल्या पॅकेटांवर चेकसम (पॅकेट वाटेत बिघडले का हे तपासण्याचा आकडा) चुकीचा असल्याचा शेरा दिसला तर घाबरू नये. चेकसम काढण्याचे काम कार्डावर सोपवलेले असते आणि कॅप्चर त्याआधीच होते. एकाच यजमानावरील दोन व्हीएममध्ये तर तो शेवटपर्यंत काढलाही जात नाही आणि तरी काम चालते. 'मोठा के' हा पर्याय दिला की ही तपासणी बंद होते. १५१४ बाइटांहून कितीतरी मोठ्या फ्रेम दिसण्याचे कारणही याच जातीचे आहे, कर्नल आणि कार्ड तुकडे एकत्र करून हाताळतात.

व्हीएमच्या आतून इतरांची वाहतूक पाहायची असेल

देखरेखीसाठी वेगळी व्हीएम ठेवून तिच्यात वायरशार्क हा कॅप्चर घेऊन दाखवणारा प्रोग्राम चालवावा, अशी मागणी कधी कधी येते. त्या व्हीएमच्या आत कार्ड प्रॉमिस्क्युअस करून भागत नाही, कारण ब्रिजने पत्ता शिकलेला असल्यामुळे दुसऱ्याची युनिकास्ट (एकाच पत्त्यासाठीची) फ्रेम तिच्या टॅपवर पाठवलीच जात नाही. ब्रिजचा एजिंग काळ (शिकलेली नोंद शिळी होण्याची मुदत) ० केला तर तो जुन्या हबसारखा सगळीकडे ओतू लागतो. हे करता येते, पण सगळ्या व्हीएमना सगळ्यांचे सगळे ऐकू जाते म्हणून मी ते करत नाही. ट्रॅफिक कंट्रोलची 'क्लसॅक्ट' रांग व्हीनेट० वर लावून, आवक आणि जावक या दोन्ही बाजूंना 'मॅचऑल' गाळणी व 'मिर्रेड' ची मिरर क्रिया देऊन, प्रती देखरेखीच्या टॅपकडे वळवणे हा नेटका मार्ग आहे. एकच बाजू लावली तर संभाषणाची अर्धीच बाजू मिळते. काम झाल्यावर रांग काढून टाकावी, नाहीतर प्रत्येक फ्रेमची नक्कल महिनोन् महिने चालू राहते.

जेथे पद्धत चालत नाही

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचे लिनक्स) बसवलेल्या राउटरवर लॅन पोर्टांचा ब्रिज दिसतो, पण पोर्टापोर्टांमधली वाहतूक स्विचची चिप परस्पर करत असेल तर ती फ्रेम प्रोसेसरपर्यंत येतच नाही आणि कोणत्याही इंटरफेसवर टीसीपीडम्पला दिसत नाही. अशा वेळी चिपचे मिररिंग किंवा बाहेरचा व्यवस्थापित स्विच लागतो. ड्रायव्हरच्या पातळीवर चालणाऱ्या एक्सडीपी कार्यक्रमाने टाकून दिलेले पॅकेटही कॅप्चरपूर्वीच संपलेले असते. ओपन व्हीस्विच या वेगळ्या सॉफ्टवेअर-स्विचच्या ब्रिजवर बीआर० प्रॉमिस्क्युअस करून पुढे जाणाऱ्या वाहतुकीची प्रत मिळत नाही. तेथे त्याच्याच सोबत येणारे ओव्हीएस-टीसीपीडम्प वापरावे, ते आतून मिरर तयार करते. लॅपटॉपचे वायफाय ग्राहक म्हणून जोडलेले असताना ते ब्रिजमध्ये घालण्याचा प्रयत्न तर कर्नलच नाकारतो, कारण वायफायच्या नेहमीच्या तीन-पत्त्यांच्या फ्रेममध्ये मागच्या व्हीएमच्या पत्त्याला जागाच नसते.

शेवटी कॅप्चर थांबवल्यावर टीसीपीडम्प जे तीन आकडे छापतो, त्यांतला कर्नलने गाळलेल्या पॅकेटांचा आकडा पाहिल्याशिवाय टर्मिनल बंद करू नये. तो शून्य नसेल तर काही पॅकेटे वाटेत नव्हे, कॅप्चरच्या बफरमध्येच हरवली आहेत. 'मोठा बी' ने बफर वाढवून किंवा 'डब्ल्यू' ने थेट फायलीत लिहून तेच कॅप्चर पुन्हा घ्यावे.